मुंबईला जायचं, पण कशासाठी?

बारावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता अंगवळणी पडली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं विभागीय मंडळ झालं तेव्हापासून सातत्याने हेच घडतंय, दहावीला आणि बारावीलाही. पावसाळ्यात व्हाळ ओलांडून शाळेत जाणारी, घरची गुरं बांधून मग अभ्यासाला बसणारी ही मुलं आहेत. त्यांचा अभिमान वाटतो. पण निकालानंतरच्या आठवड्यात वाडीवाडीत एक प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने त्याचं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. "हय रवान काय करतलंस?" म्हणजे इथे राहून काय करणार, असं आई विचारते, काका विचारतात, कधी कधी ज्यांनी शिकवलं ते गुरुजीही विचारतात. पोरगा गप्प राहतो. मिरगाचा पाऊस लागण्याआधी त्याची बॅग भरलेली असते आणि विरारला नाहीतर दिव्याला राहणाऱ्या मामाला फोन गेलेला असतो.

मुंबईला जाणं चूक आहे, असं मला म्हणायचं नाही. कोकणातल्या कितीतरी घरांच्या चुली मुंबईच्या मनीऑर्डरवर पेटल्या. माझ्या घरचीही पेटली. मला म्हणायचं आहे ते एवढंच की ज्या मुंबईकडे बघून आपल्या आजोबांच्या पिढीने हा सल्ला तयार केला, ती मुंबई उरलेली नाही आणि सल्ला मात्र तसाच चालू आहे. मिळेल ती नोकरी धरू, पुढचं पुढे बघू, एवढ्याच विचाराने आज मुंबईला जाणाऱ्याचा तोटा होतो. एखादं काम, एखादी विद्या हातात घेण्यासाठी जो जातो त्याला ते शहर आजही भरभरून देतं. हा फरक आपण मुलांना सांगत नाही. आणि जो राहू इच्छितो त्याला राहता येईल अशी गावातली व्यवस्थाही आपण करत नाही.

आजोबांचा सल्ला त्यांच्या काळात खरा होता, हे आधी मान्य करायला हवं. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गिरण्यांना लागणारी माणसं मोठ्या संख्येने जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेली. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो १९८१ च्या १ मे रोजी झाला. गावात होतं काय? कातळाची जमीन, चार महिन्यांचा पाऊस, भाताचं एक पीक, वरकसात नाचणी-वरी, आणि ते पिकवल्यावर खोताचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वंशपरंपरागत वतनदाराचा वाटा. मुंबईत गाववाल्यांच्या गाळ्यात पाळीपाळीने पथारी टाकायला जागा मिळायची, खाणावळीत जेवण मिळायचं, बदली कामगार म्हणून उभं राहता राहता एक दिवस नाव कायम व्हायचं. कायम झालं की फंड, ग्रॅच्युइटी, युनियन. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे चाळीतल्या खोलीचं भाडं वर्षानुवर्षं जवळजवळ जागच्या जागी राहिलं. म्हणजे पगार वाढायचा आणि भाडं वाढायचं नाही. कामाची जागा चालत जाण्याच्या अंतरावर. अशा हिशोबात महिन्याकाठी चार पैसे गावी पाठवणं शक्य होतं, आणि त्या पैशांवर गावातली घरं कौलारू झाली, बहिणींची लग्नं झाली, धाकटे भाऊ शिकले.

आणखी एक गोष्ट आपण गावाच्या आठवणी काढताना विसरतो. गाव सगळ्यांना सारखं नव्हतं. खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या कुणब्याला आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्या दलित कुटुंबाला गाव सोडणं म्हणजे मोकळा श्वास होता. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. मुंबईनेही जात सोडली नाही. गिरणीत विणकाम खात्यात सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून तिथे दलितांना शिरू देत नसत. तरीही मुंबईत रात्रशाळा होती, सभा होती, रस्त्यावरून ताठ मानेने चालता येत होतं. "गावाकडे परत चला" असं जेव्हा कुणी सरसकट सांगतं तेव्हा मला विचारावंसं वाटतं की कोणत्या गावाकडे, आणि त्या गावात कुणाचं काय होतं? गावाबद्दल प्रेम असणारानेच हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. कामगारांपैकी किती जण गावी परतले आणि भातशेतीत पुन्हा हात घालून बसले, ते त्या वेळी कोकणात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले. इतकी वर्षं उलटल्यावर त्यांच्यापुढे मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीतल्या घरांचा पर्याय ठेवला गेला, तेव्हा म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस मुंबईतच घर द्या म्हणत पुन्हा रस्त्यावर आले. ज्यांनी आयुष्य लालबाग-परळमध्ये घालवलं त्यांनाच मुंबईत जागा उरली नाही, तर आज बारावी होऊन निघालेल्या पोराला ती कुठून उरणार?

हा पोरगा मुंबईत राहतच नाही. तो राहतो दिव्यात, नालासोपाऱ्यात, बदलापुरात, टिटवाळ्यात. २००१ ते २०११ या दशकात खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली आणि ठाणे जिल्ह्याची एक कोटीच्या पुढे गेली, यातच सगळं आलं. करोनानंतर तर पूर्वी दादरपर्यंत जाणारी रत्नागिरी पॅसेंजरही दिव्यालाच थांबू लागली. उतरणाऱ्यांनी दादरचा हट्ट धरला, निवेदनं दिली, आंदोलनं केली.

समजा, त्याला कुरियरच्या गोदामात, मॉलच्या दुकानात किंवा सिक्युरिटीत कंत्राटी काम मिळालं आणि हातात अठरा-वीस हजार आले. खोलीचं भाडं आणि लाइटबिल धरून सात-आठ हजार गेले. डबा किंवा खाणावळ चार हजार. लोकलचा पास, रिक्षा, फोन, कपडे, कधी औषध. वर्षभराने खोली बदलावी लागली की पुन्हा डिपॉझिट आणि दलाली. मित्राबरोबर खोली वाटून घेतली तर दोन-तीन हजार उरतात, आजारी पडला तर तेही नाही. आणि यात वेळ धरलेला नाही. दिव्याहून अंधेरीला जाऊन परत यायला रोजचे चार तास, तेही दारात लटकून. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान धावत्या गर्दीच्या लोकलमधून माणसं खाली पडली, काही जिवानिशी गेली. त्या दिवशी कोकणातल्या किती घरांतून आपल्या मुलाला फोन लागतो का, हे बघितलं गेलं असेल!

पूर्वी पगारातून गावी पैसे यायचे. आता कित्येक घरांत उलटं चालतं. तांदूळ, कुळीथ, कोकम, खोबरेल, सुकी मासळी इथून जाते, आंब्याच्या पेट्या जातात, डिपॉझिटला कमी पडले तर आईची पाटली गहाण पडते. लोक बाहेर हे बोलत नाहीत. मुलगा मुंबईत आहे, एवढ्यावर घराची इज्जत राहते. ही इज्जत फार महाग पडते आहे, आणि ती मोजायची वेळ आली आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून मांडतो, कारण ती खरी आहे. शहरात माणूस शिकतो. कॉलेजातच असं नाही, कामावरही शिकतो. एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षं काढलेला मुलगा, मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात काम केलेली नर्स, जहाजाच्या गोदीत वेल्डिंग शिकलेला कामगार, हिशोबनिसाच्या ऑफिसात जीएसटीचं काम हाताखालून घातलेली मुलगी, यांची किंमत कुठेही कमी होत नाही. मुंबईत रोज इतकी आणि इतक्या तऱ्हेची कामं निघतात की वर्षभरात जे हाताखालून जातं ते तालुक्याच्या गावात पाच वर्षांत जात नाही. बारकाईने शिकायचं असेल तर जावंच. संशोधन, कायदा, नाटक, पत्रकारिता, वैद्यकातलं विशेष शिक्षण यांना आजही मोठ्या शहराशिवाय गत्यंतर नाही. आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं तर अजून मुंबई विद्यापीठालाच जोडलेली आहेत.

बायकांच्या बाबतीत तर मला फार जपून बोलावंसं वाटतं. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. यामागे आहे नवरा मुंबईत आणि बायको गावात, ही दोन-तीन पिढ्यांची रीत. शेत तिनेच लावलं, गुरं तिनेच बघितली, सासू-सासऱ्यांचं म्हातारपण तिनेच काढलं, आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं. आज तिची मुलगी म्हणते की मी गावात लग्न करून राहणार नाही, तेव्हा लगेच "पोरी शेफारल्या" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तिने आईचं आयुष्य डोळ्यांनी पाहिलं आहे. मुंबईत स्वतःच्या पगाराचं खातं, संध्याकाळी सात वाजता बाहेर पडायची मोकळीक, कुणाची सून म्हणून नव्हे तर नावाने ओळखलं जाणं, ही काही थोडी कमाई नाही. गावाकडच्या मुलांची लग्नं जमत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण तिचा इलाज मुलींना बोल लावण्यात नाही. घरात आलेल्या सुनेला तिच्या कष्टाचे पैसे तिच्या नावावर मिळतील का, तिला तिचं काम करता येईल का, हे मुलाच्या आई-बापाने ठरवायचं आहे.

तर मग गावात आहे काय? एक गोष्ट डोळे उघडून बघावी. देवगड-रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळहून आलेली माणसं आहेत. मिरकरवाड्याच्या आणि इतर बंदरांतल्या ट्रॉलरवर नेपाळचे, उत्तर प्रदेशचे, कर्नाटकातले खलाशी आहेत. चिरेखाणीत विजापूरकडची कुटुंबं राबतात. घराला वायरिंग करायचं, पाण्याचा पंप दुरुस्त करायचा, फरशी घालायची म्हटलं की माणूस मिळायला आठवडे जातात. म्हणजे जिथे काम नाही म्हणून आपली मुलं निघून गेली, तिथेच बाहेरून माणसं कामाला येतात. यातलं काही काम कष्टाचं आणि कमी पैशांचं आहे, हे खरं. पण सगळं तसं नाही. गवंडी, सुतार, वायरमन, बोटीच्या इंजिनाचा मेकॅनिक, कलमं बांधणारा, औषध मोजून मारणारा, या कामांना चांगला रोज आहे आणि भाडं भरावं लागत नाही. यांतलं काही काम आपण मुलांच्या डोळ्यांसमोर कमीपणाचं करून ठेवलं. नालासोपाऱ्यात राहून गोदामात खोकी उचलणारा 'मुंबईत नोकरीला', आणि कुडाळात स्वतःची वर्कशॉप चालवणारा 'गावातच असतो'. हे बोलणं बंद व्हायला पाहिजे.

बागायतीबद्दल मी भाबडेपणाने बोलणार नाही. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आली तेव्हा कोकणातल्या कातळावर काजू आणि हापूस चढला, हा आपल्या काळातला मोठा बदल होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने काजूच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा जाती दिल्या आणि त्यांनी कातळ हिरवा केला. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही आंबा हे वर्षातून एकदा येणारं पीक आहे आणि हवामान बिघडलंय. अवेळी पाऊस पडला की मोहोर काळा पडतो, तुडतुडा आणि थ्रिप्स या किडींवर फवारण्या वाढत जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या पोफळीच्या आणि माडाच्या बागा आडव्या केल्या. पोफळीची बाग पुन्हा फळाला यायला सहा-सात वर्षं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. काजू बीचा दर आयातीच्या काजूवर हलतो. शेजारच्या गोव्यात सरकार काजू बीला आधारभूत दर देतं, आपल्याकडचा शेतकरी अजून तो मागतोच आहे. त्यात माकडं आणि रानडुकरं. भुईमूग, नाचणी, भाजी लावायची तर रात्रंदिवस राखण हवी, आणि राखणीला घरात माणूस नाही. वाडीतली निम्मी घरं बंद झाली की उरलेल्यांची शेतीही बंद पडते, कारण एकट्याने किती बाजूंनी हाकारे द्यायचे? स्थलांतराचा हा परिणाम बाहेरच्याला दिसत नाही.

म्हणून नुसत्या आंब्यावर राहा, असं मी कुणालाही सांगणार नाही. आंबा, थोडी काजू, सोबत एक हातातलं काम किंवा किनाऱ्यालगत असाल तर राहायच्या दोन खोल्या, असं मिळून कुटुंब चालतं आणि चालताना मी पाहतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर तारकर्ली-मालवणात जे बदललं ते बहुतांशी स्थानिक कुटुंबांनी, त्यातही घरच्या बायकांनी स्वयंपाकघरातून उभं केलं.

आणि इथेच ती अडचण येते, जिच्याबद्दल व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. सातबारा.

कोकणातला सातबारा एकदा काढून बघा. पाच गुंठ्यांच्या घरवाडीवर तीस-चाळीस नावं. त्यातली कित्येक माणसं वारलेली, वारस नोंदी झालेल्या नाहीत. आजोबांचे चार भाऊ, त्यांची मुलं, मुलांची मुलं. कुणी भांडुपला, कुणी बडोद्याला, कुणाचा पत्ताच नाही. जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामायिक. तोंडी वहिवाट ठरलेली असते, हा कोपरा तुझा आणि तो माझा, पण कागदावर काही नाही. आता गावात राहू म्हणणाऱ्या मुलाने बँकेत जावं तर सगळ्या खातेदारांची संमती मागतात. फळबागेचं अनुदान घ्यावं तर संमती. विहीर खणायची, पंपाला वीज घ्यायची, दोन खोल्या बांधून पर्यटकांना द्यायच्या, तरी संमती. एकाने जरी "आमचा हिस्सा आहे, आम्ही बघू" म्हणून सही अडवली की सगळं थांबतं. तो सही अडवणारा वाईट माणूस असतो असं नाही. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहताना गावाकडचं ते नाव हा त्याचा एकमेव आधार असतो. ते नाव गेलं तर आपलं काहीच उरणार नाही, ही भीती त्याच्या मनात असते. मला ती समजते. पण त्या भीतीने जमीन ना त्याच्या कामाची राहते, ना गावात राहणाऱ्याच्या. रान माजतं, गडगे ढासळतात, आणि शेवटी बाहेरचा दलाल येऊन एकेकाला गाठून अविभक्त हिस्से विकत घेतो. मग जागे होतात ते कोर्टात.

माझ्या मते कोकणातल्या तरुणाला मुंबईला ढकलणारं सगळ्यात मोठं कारण नोकरीचा अभाव नाही, हे न झालेलं वाटप आहे. बारावीनंतर गावात राहून काही करायची इच्छा असलेली मुलं दरवर्षी निघतात. त्यांच्या पायाखाली त्यांची म्हणता येईल अशी जमीनच नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. त्याआधी वारस नोंदी करायच्या, मोजणी करून पोटहिस्से पाडायचे. काम किचकट आहे, चिकाटीचं आहे, पण अशक्य नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवावी. नावं कमी करायची म्हणून बहिणींकडून हक्कसोड घेऊन मोकळं होणं, ही पळवाट मला मान्य नाही. कायद्याने त्यांचा वाटा आहे, तो त्यांना द्यावा. त्यांनाही कदाचित तिथे परत यायचं असेल.

सरकारी गोष्टींबद्दल थोडक्यात. २००१ ते २०११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढत असताना रत्नागिरीची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही जवळपास वीस हजारांनी घटली. त्यानंतरची जनगणना अजून व्हायची आहे, पण बंद दारं मोजायला जनगणना लागत नाही. पट कमी म्हणून वाडीतली शाळा बंद करायची आणि चार वाड्यांची एक समूह शाळा करायची, हा विचार २०२३ पासून पुढे रेटला गेला. शाळा गेली की उरलेलं तरुण कुटुंबही जातं, हे धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. अपघात झाला, हृदयविकाराचा झटका आला की सिंधुदुर्गातला माणूस आजही बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात नेतात. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आता सुरू झाली आहेत, त्यांत पुरेसे डॉक्टर, यंत्रं आणि तंत्रज्ञ येईपर्यंत त्यांचा पाठपुरावा करणं हे कोणत्याही भावनिक आवाहनापेक्षा महत्त्वाचं आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली पनवेल-इंदापूर टप्प्याने सुरुवात झाली. ज्या मुलाने त्या वर्षी पहिलीत नाव घातलं, त्याची बारावी झाली तरी रस्त्यावरची विघ्नं संपली नव्हती. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, ही तर शरमेची बाब आहे.

मोठे प्रकल्प आले की रोजगार येईल, असं सांगणारेही आहेत. नाणार आणि बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी गावं कशी दुभंगली ते आपण पाहिलं. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीने नोकऱ्या दिल्या, आणि दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारीही त्याच वसाहतीबद्दलच्या आहेत. माझं मत असं की चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही जी मधली गावं आहेत, त्यांना धरून विचार व्हावा. तिथे चांगलं हॉस्पिटल, मुलींसाठी वसतिगृह, नीट चालणारी आयटीआय आणि संध्याकाळी आठनंतरही मिळणारी एसटी एवढं झालं तरी आसपासच्या शंभर वाड्यांतल्या मुलांना घरून येऊन-जाऊन काम करता येईल. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुराने मात्र हेही दाखवलं की ही गावं वाढवायची तर नदीला जागा ठेवूनच वाढवावी लागतील.

आता ज्यांच्या घरात यंदा बारावी झालेलं मूल आहे त्यांना. मुलाला मुंबईला पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, पण काय शिकायला जातोस हे त्याला विचारा, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबा. 'काहीतरी बघीन' हे उत्तर धरू नका. तीन वर्षांनी तुझ्या हातात कोणतं काम असेल, हे त्याला सांगता आलं पाहिजे. ते नसेल तर जवळच्या आयटीआयमध्ये, नर्सिंगला, कृषी पदविकेला घाला, वर्षभर एखाद्या चांगल्या कारागिराच्या हाताखाली ठेवा. आणि गेलेल्याला परत यावंसं वाटलं तर "हरून इलो" असं कुणाला म्हणू देऊ नका. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना काही गावांनी वेशीवर अडवलं, शाळेत चौदा दिवस ठेवलं, ते आजाराच्या भीतीने झालं. पण त्या दिवसांत बोलली गेलेली वाक्यं बऱ्याच जणांच्या मनात राहिली आहेत. परतीचा रस्ता आपल्याच माणसांनी काटेरी करू नये.

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना माझी एक विनंती आहे. त्यांनी गावासाठी खूप केलंय. देवळांचे जीर्णोद्धार केले, सभामंडप बांधले, शाळांना वह्या दिल्या. आता एक वर्ष वर्गणी कागदांवर खर्च करावी. गणपतीत सगळे हिस्सेदार घरी येतात, इतर वेळी ते एका छपराखाली येत नाहीत. यंदा चतुर्थीच्या आधी तलाठ्याकडून आठ अ, म्हणजे खातेउतारे, आणि सातबारे काढून ठेवा, गेलेल्यांच्या वारसांची यादी करा, एखाद्या जाणत्या वकिलाला आरतीनंतर तासभर बोलवा. ज्यांना यायला जमणार नाही त्यांची संमती कशी घ्यायची ते त्याच्याकडून समजून घ्या. पहिल्या वर्षी सगळ्यांचं एकमत होणार नाही. वारस नोंदी तरी होतील. पुढच्या गणपतीपर्यंत मोजणीचा अर्ज गेलेला असेल, आणि वाडीतला जो एखादा मुलगा काजू लावायचं म्हणतोय त्याला कुठे खड्डे मारायचे ते दाखवता येईल.